पिकाची पेशी, जनावराची पेशी आणि फवारणी करणारा माणूस

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फवारणीचा हंगाम आला की गावोगावी एक वाक्य हमखास ऐकू येते. "अहो, कपाशीचं कोवळं पान या औषधानं करपत नाही, मग आमच्या रापलेल्या कातडीला काय होणार?" वरवर पाहता हा मुद्दा बिनतोड वाटतो. पान नाजूक, कातडी राठ. नाजूक वस्तूला जे बाधत नाही ते राठ वस्तूला कसे बाधेल? परंतु हा विचार मुळातच चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी झाडाची पेशी आणि प्राण्याची पेशी यांत काय फरक आहे ते पाहावे लागते. विषय शाळेच्या पुस्तकातला आहे. परीक्षेपुरता पाठ करून तो सोडून दिला जातो याचे मला वाईट वाटते, कारण पाणी, खत, निचरा, तणनाशक आणि कीटकनाशक या सर्वांच्या मुळाशी हाच फरक आहे.

सन १६६५ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यास मधमाशांच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. ते कप्पे म्हणजे मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती होत्या. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १८३८ मध्ये श्लायडेन याने वनस्पतींबाबत आणि १८३९ मध्ये श्वान याने प्राण्यांबाबत असे मांडले की, दोघांचीही शरीरे पेशींचीच बनलेली असतात. आपल्या मुलांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एकदा अवश्य डोळा लावून पाहावे. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला तर विटांच्या भिंतीसारख्या एकास एक लागून बसलेल्या चौकोनी पेशी दिसतात. गालाच्या आतील बाजूस काडी हळूच फिरवून आलेला पदार्थ पाहिला तर ओबडधोबड, चपट्या, सुट्या पेशी दिसतात. दोन्हींत केंद्रक असते, पातळ प्रद्रव्यपटल असते, आत पेशीद्रव्य असते. मग विटांचा आकार कांद्यालाच का? कारण कांद्याच्या पेशीला पटलाच्या बाहेरून आणखी एक भिंत असते. तिला पेशीभित्तिका म्हणतात आणि ती प्रामुख्याने सेल्युलोजची बनलेली असते. प्राण्याच्या पेशीला अशी भिंत नसते.

आपल्या अंगात हाडे आहेत, त्यामुळे आपण उभे राहतो. झाडाला हाडे नाहीत. त्याचे काम ही भित्तिका करते. मात्र कोवळ्या पानाची भित्तिका पातळ असते, ती एकटी पानाला उभे धरू शकत नाही. तिला आतून पाण्याचा दाब लागतो. वनस्पतीच्या वाढलेल्या पेशीत मध्यभागी पाण्याची एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. पूर्ण वाढलेल्या पेशीचा ८० ते ९० टक्के भाग या एकट्या पिशवीने व्यापलेला असू शकतो. प्राण्यांच्या पेशीत रिक्तिका असल्या तरी त्या लहान असतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार, म्हणजे सुमारे ३० पौंड हवा भरतात. पाण्याने तट्ट भरलेल्या पानातील पेशीचा दाब ५ बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. भिंत नसती तर ही पेशी केव्हाच फुटली असती.

दुपारी मिरची माना टाकते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होते, तेव्हा रिक्तिकेतील पाणी कमी होऊन पुन्हा भरलेले असते. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेशीची वाढसुद्धा याच दाबाने होते. कोवळी भित्तिका सैल पडते, आतील पाणी तिला ताणते आणि पेशी लांब होते. दाब थोडा कमी झाला तरी वाढ थांबते, आणि हे पान सुकलेले दिसण्याच्या आधीच होते. म्हणून "पीक अजून सुकले नाही, पाणी चार दिवसांनी देऊ" या हिशेबात चार दिवसांची वाढ गेलेली असते. उसाच्या शेतात याचा पुरावा उभा असतो. तोडणीच्या वेळी एक ऊस घेऊन बुडख्यापासून कांड्या पाहत जावे. मध्येच तीन-चार कांड्या आखूड दिसल्या तर त्या कांड्या वाढत असताना पाण्याचा ताण पडला होता असे बहुतेक वेळा निघते. एकदा भित्तिका पक्की झाली की मागाहून कितीही पाणी दिले तरी ती कांडी लांबत नाही.

आता मिठाची गोष्ट. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्या वेळात पाणी सुटते, हे घरातील भगिनींना सांगावयास नको. मिठाचा तीव्र द्राव बाहेर असला की पेशीतील पाणी पटलातून बाहेर ओढले जाते, आतील पिशवी आकसते आणि काकडीची फोड लिबलिबीत होते. रोपाच्या बुडाशी खताची मूठ पडली की मुळांच्या पेशींचे हेच होते. खताने रोप "जळाले" असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात खताने मुळांतील पाणी बाहेर ओढलेले असते. खत रोपापासून थोडे दूर, ओलाव्यात आणि मातीआड द्यावे असे वारंवार सांगितले जाते त्याचे कारण हे आहे. युरियाची फवारणी २ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, यापेक्षा तीव्र करू नये, त्याचेही एक कारण हेच. सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठच्या क्षारपड जमिनीत पाणी भरपूर असूनही पीक तहानलेले दिसते. तेथे जमिनीतील द्रावच इतका खारट झालेला असतो की मुळांना पाणी आत घेता येत नाही. अशा जमिनीला आणखी पाणी देणे हा उपाय नव्हे. निचरा करून क्षार खाली वाहून जातील अशी व्यवस्था करावी लागते.

प्राण्यांच्या पेशीची अडचण उलटी आहे. आपल्या रक्तातील लाल पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात, कारण त्यांना भिंत नाही. म्हणून दवाखान्यात शिरेतून साधे पाणी देत नाहीत. लिटरला ९ ग्रॅम मीठ असलेले सलाईन देतात. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या रोपाजवळ टांगून थेंबथेंब पाणी देण्याची युक्ती काही शेतकऱ्यांनी केली आहे, ती चांगली आहे. बाटलीत मात्र साधे पाणीच असावे. पिकाला "सलाईन", "टॉनिक", "जीवनसत्त्वे" देण्याची भाषा माणसांच्या दवाखान्यातून शेतात आली आहे. जीवनसत्त्वे आपणास बाहेरून घ्यावी लागतात, कारण आपले शरीर त्यांतील बहुतेक बनवू शकत नाही. झाड स्वतःस लागणारी जीवनसत्त्वे स्वतः बनवते. त्यास जीवनसत्त्वांची बाटली विकत आणून फवारणे म्हणजे माझ्या मते पैसा वाया घालवणे होय. माती परीक्षण करून एखादे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी निघाले तर ते अवश्य द्यावे, तो वेगळा विषय आहे.

कॅल्शियमबाबतही हा फरक कामी येतो. गाय व्याली आणि दुधासाठी कॅल्शियम कमी पडू लागले तर तिचे शरीर हाडांतून काही कॅल्शियम काढून घेते. झाडाचे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात पेशींच्या भित्तिकांत आणि त्यांना सांधणाऱ्या थरात अडकलेले असते. ते जुन्या पानातून काढून नव्या फळाकडे नेता येत नाही. त्यामुळे टोमॅटोत खालची पाने हिरवीगार असतात आणि फळाचे खालचे टोक मात्र काळे पडून सडते. जमिनीत कॅल्शियम असूनही असे होते, कारण ते पाण्याबरोबर वर चढते आणि पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या की फळापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी पाण्याच्या पाळ्या तपासाव्यात.

झाडालाही श्वास लागतो

वनस्पतीच्या हिरव्या भागांतील पेशींत हरितलवके असतात आणि ती सूर्यप्रकाशात पाणी व कर्बवायूपासून साखर तयार करतात, हे सर्वांना माहीत आहे. यातून एक गैरसमज मात्र पसरला आहे. झाड अन्न बनवते आणि प्राणी श्वास घेतो, अशी वाटणी पुष्कळांच्या मनात असते. ती खरी नाही. साखरेतून शक्ती काढणाऱ्या तंतुकणिका दोन्हींच्या पेशींत असतात आणि त्यांना प्राणवायू दोन्हीकडे लागतो. शिवाय प्रत्येक वनस्पतीपेशी हिरवी नसते. कांद्याच्या पातीत हरितलवके असतात, मातीखालील कांद्यात नसतात, मुळांतही नसतात. मूळ स्वतः अन्न बनवत नाही, वरून आलेल्या साखरेवर जगते आणि रात्रंदिवस श्वसन करते.

येथे प्राण्याला एक मोठी सोय आहे. फुप्फुसात घेतलेला प्राणवायू रक्तातून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचतो. झाडाला हृदय नाही आणि रक्त नाही. बहुतेक पिकांत पानाजवळ भरपूर असलेला प्राणवायू मुळाच्या टोकाला पुरेसा पोहोचत नाही. मुळाला तो मातीच्या पोकळ्यांतूनच मिळवावा लागतो. आपल्या भाषेत यासाठी वाफसा असा नेमका शब्द आहे. काळ्या जमिनीत चार दिवस पाणी साचून राहिले की पोकळ्यांतील हवा जाते, मुळांच्या पेशींची शक्ती संपते आणि त्यांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणून तूर आणि कपाशी पाण्यात उभी असताना सुकते. हे पाहून पिकाला बुरशी लागली असे समजून औषधाची आळवणी सुरू होते. काही वेळा बुरशी असतेही. परंतु पहिले काम चर काढून पाणी बाहेर काढण्याचे आहे. भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, त्यामुळे भात चिखलात उभा राहतो. तुरीला ही सोय नाही. सोयाबीन-तुरीसाठी रुंद वरंबा सरी पद्धतीची शिफारस करतात ती यासाठीच.

कडब्याबद्दल एवढेच सांगतो की, त्याचा मोठा भाग म्हणजे पेशींच्या भित्तिका होत. सेल्युलोज पचवणारे विकर गाय-म्हैस स्वतः तयार करत नाही, आपणही करत नाही. जनावराच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजंतू ते काम करतात. म्हणून जनावराचा आहार एकाएकी बदलू नये; त्या जंतूंना नव्या खाद्याची सवय होण्यास काही दिवस लागतात.

तणनाशक, कीटकनाशक आणि आपण

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. विष म्हणजे सगळ्यांना सारखेच मारणारी वस्तू नव्हे. प्रत्येक विष सजीवाच्या शरीरातील एखादी ठरावीक यंत्रणा बंद पाडते. ती यंत्रणा ज्याच्याजवळ आहे त्याला ते बाधते.

प्रथम तणनाशके पाहू. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापायर घ्या. पेशीत काही ठरावीक अमिनो आम्ले बनवणारे एक विकर ते बंद पाडते. ही अमिनो आम्ले वनस्पती स्वतः बनवते. आपण ती बनवतच नाही, डाळीतून आणि दुधातून घेतो. ग्लायफोसेटही वनस्पतींत असलेले आणि आपल्यात नसलेले असेच दुसरे एक विकर अडवते. ॲट्राझिन हरितलवकातील प्रकाशाचे काम थांबवते. मका ते विष पेशीतच निकामी करू शकतो, बरीच तणे करू शकत नाहीत, म्हणून मका वाचतो. २,४-डी हे वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. कपाशी याबाबत फार हळवी आहे. शेजारच्या उसातून किंवा ज्वारीतून वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही तिची पाने लांब, बोटांसारखी होतात. तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवावा, हा सल्ला कंटाळवाणा वाटला तरी पाळावा.

यंत्रणा आपल्यात नाही म्हणून पदार्थ आपणास निरुपद्रवी, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ग्लायफोसेटबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये "माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत" असे वर्गीकरण केले. त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. भारत सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा अशी अधिसूचना काढली. पॅराक्वाटचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ते हिरव्या पानात सूर्यप्रकाशाच्या शक्तीवर घातक असा प्राणवायू तयार करते आणि पान एक-दोन दिवसांत वाळते. आपल्या अंगात हरितलवक नाही. परंतु पोटात गेलेले पॅराक्वाट फुप्फुसांत साठते आणि तेथील पेशींत वेगळ्या मार्गाने तोच विध्वंस घडवते. त्यावर उतारा नाही. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते काढून ठेवणे म्हणजे घरात मृत्यू ठेवणे होय.

कीटकनाशकांचे गणित याच्या उलट आहे. कीटक हा प्राणी आहे. त्याच्या पेशीला भित्तिका नाही, त्याला मज्जातंतू आहेत, आणि तेही आपल्याच पद्धतीने चालतात. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंच्या सांध्यावरील एका विकराला जखडून टाकतात. तंतूतून आलेला निरोप संपल्यावर तो पुसून टाकण्याचे काम हे विकर करते. ते बंद पडले की निरोप थांबत नाही, स्नायू थरथरत राहतात आणि शेवटी श्वास बंद होतो. बोंडअळीचे असे होते आणि माणसाचेही असेच होते. दोघांतही तेच विकर आहे. कपाशीला मज्जातंतूच नाहीत. तिच्यात बिघडवण्यासारखी ती यंत्रणा नाही, म्हणून पान करपत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध तर कपाशीच्या अंगभर रसात भिनते. रस पिणारा तुडतुडा मरतो आणि झाड डोलत राहते. पान टिकले यावरून औषध सौम्य आहे असे ठरवणे म्हणजे विजेच्या तारेवर कावळा बसला म्हणून तारेला हात लावण्यासारखे आहे.

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यातील बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणी करणारे होते. रोजंदारीचा येथे विशेष संबंध आहे. जखडलेले विकर लगेच मोकळे होत नाही. शरीराला ते नव्याने बनवावे लागते आणि त्यास काही आठवडे लागतात. स्वतःच्या दोन एकरांवर एक दिवस फवारणारा माणूस सावरतो. रोज वेगळ्या शेतात पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराचे विकर मात्र दररोज थोडे थोडे कमी होत जाते. आठव्या दिवशी तो कोसळतो आणि लोक म्हणतात, सात दिवस काही झाले नाही, आजच कसे झाले? म्हणून एकाच माणसाला सलग फवारणीस लावू नये. मजुरी देणाऱ्यानेच हे पाहावे. मजूर स्वतःहून काम नाकारील अशी त्याची परिस्थिती नसते.

कातडी राठ असली तरी या औषधांना अडवत नाही. घामाने भिजलेली कातडी, जांघ, मान, डोळ्यांभोवतीचा भाग येथून ती सहज आत जातात. पंप गळून भिजलेली पाठ घेऊन दिवसभर फिरणे हे औषधाचा लेप लावून फिरण्यासारखे आहे. कपाशी खांद्याच्या वर गेली असेल तर समोर फवारत पुढे चालू नये, कारण ओल्या झाडांतून आपण स्वतःच जातो. मिश्रण हाताने न ढवळता काठीने ढवळावे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. कापडी हातमोजे औषध शोषून धरतात, म्हणून रबरी घ्यावेत. तोंडाला बांधलेला रुमाल तुषार थोडे अडवील, वाफ अडवणार नाही. दोन-तीन औषधांची दुकानदाराने सांगितलेली भेळ करू नये. बाटलीवरील त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नयेत. ते धुणाऱ्या भगिनीला पंप न उचलताही विषबाधा होऊ शकते. तिने रबरी हातमोजे घालून ते वेगळे धुवावेत.

तोंडाला लाळ सुटणे, खूप घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, अंधुक दिसणे, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणे, दम लागणे ही या विषबाधेची लक्षणे होत. ऊन लागले असेल म्हणून सावलीत झोपवून ठेवू नये. ऊन लागलेल्याची बाहुली अशी बारीक होत नाही. प्रथम भिजलेले कपडे काढावेत, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे, डोळ्यांत गेले असल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. मदत करणाऱ्याने उघड्या हातांनी ओले कपडे धरू नयेत. दूध, लिंबू, मिठाचे पाणी पाजत बसू नये, उलटी काढू नये, शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. फॉस्फरसयुक्त औषधांवर ॲट्रोपिन हा उतारा आहे, तो डॉक्टरांनी शिरेतून द्यावयाचा असतो आणि वेळेवर दिला तर माणूस वाचतो. पॅराक्वाटवर तो चालत नाही. म्हणून कोणते औषध होते हे डॉक्टरांना कळणे फार जरुरीचे आहे. दवाखान्यात जाताना ती बाटली किंवा निदान तिच्यावरचे लेबल पिशवीत घालून बरोबर न्यावे.